कशाला हवं?

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारात किंवा माहेरच्या आळीत एखादी 'बेबी' आहे का हो? असणारच. कुणाकडे ती बेबी असते, कुणाकडे छकुली, कुणाकडे नुसतीच 'ती'. पन्नाशी उलटते, केस पांढरे होतात, पण घरात ती बेबीच राहते. आमच्या घरची बेबी म्हणजे माझी धाकटी नणंद. मी त्यांना बेबीवन्सं म्हणते. त्यांची साठी आता केव्हाच उलटली.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला आहे. त्या म्हणाल्या, "द्या वहिनी खुशाल. फक्त मला बिचारी करू नका." तसं कुठे झालं असेल तर तो माझ्या लेखणीचा दोष, त्यांचा नव्हे.

मी १९७९ साली लग्न होऊन या घरात आले. तेव्हा वन्सं एकोणीस वर्षांच्या होत्या. दुसऱ्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि उजवा पाय पोलिओने गेला. पायात कॅलिपर, काखेत कुबडी. पण बोलणं असं गोड की ऐकत राहावं. सरकारी नोकऱ्यांत १९७७ सालापासून अपंगांसाठी तीन टक्के जागा राखीव होत्या. त्यातून १९८१ मध्ये त्यांना टेलिफोन ऑफिसात ऑपरेटरची नोकरी लागली. गावातले व्यापारी ट्रंककॉल लावताना म्हणायचे, "त्या गोड आवाजाच्या बाई आहेत का ड्यूटीवर?" आम्हांला केवढा अभिमान!

पण अभिमान आवाजाचा आणि पगाराचा. बाकीच्या बाईचं काय, हा विचारच आमच्या मनाला कधी शिवला नाही.

स्वयंपाकघरात चार लग्न झालेल्या बायका जमल्या की गप्पा कुठे वळतात ते मी तुम्हांला सांगायला नको. पहिली रात्र, नवऱ्याचा हट्ट, पाळणा कसा लांबवायचा, सगळं हळू आवाजात आणि हसत हसत. अशा वेळी सासूबाई हटकून म्हणायच्या, "बेबी, बघ गं जरा दारात कोण आलंय." दारात कुणीच नसायचं. वन्संनाही ते ठाऊक असायचं. तरी त्या भिंतीला धरून उठायच्या, कुबडी घ्यायच्या आणि टक टक करत बाहेर जायच्या. त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेली माझी चुलत जाऊ मात्र तिथेच बसून ऐकायची, कारण तिचं लग्न ठरलेलं होतं.

साडी घ्यायची तर वन्संसाठी बदामी नाही तर राखाडी. "मळखाऊ रंग बरा, तिला कुठे मिरवायचंय?" एकदा त्यांनी पहिल्या बोनसमधून गडद गुलाबी रंगाची साडी आणली आणि जोडीला लिपस्टिक. सासूबाई मुद्दाम दुष्टपणा करणाऱ्या नव्हत्या, जीव होता त्यांचा लेकीवर. पण त्या चटकन बोलून गेल्या, "कुणासाठी नटायचंय गं बाई?" ती लिपस्टिक पुढे माझ्या मुलीच्या भातुकलीत सापडली.

आता जे सांगायचं ते जड जातं. १९८७ च्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी वन्संच्या ऑफिसातले एक गृहस्थ घरी आले. वन्संपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, अविवाहित, हातीपायी धड. सोबत कुणी नाही, मध्यस्थ नाही. मामंजींच्या समोर खुर्चीत बसून सरळ म्हणाले, "मला तुमच्या मुलीशी लग्न करायचं आहे. आमचं दोघांचं बोलणं झालं आहे."

मामंजींनी विचारलं, "अपेक्षा काय आहेत?"

"काही नाही."

तो माणूस तिथेच फसला. काही मागितलं असतं तर कदाचित घासाघीस झाली असती. काहीच मागत नाही म्हणजे नक्की पगारावर डोळा, असं घरात एकमताने ठरलं. धडधाकट पुरुषाला अशी बायको कशासाठी हवी असेल? हेतू काळाच असणार. त्याला वन्सं आवडल्या असतील, त्यांचं बोलणं, त्यांचं हसणं, त्यांचे लांबसडक केस आवडले असतील, ही शक्यता आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. आणि वन्संना तो आवडला असेल, ही तर त्याहून नाही.

सासूबाई मला म्हणाल्या, "तू बोल तिच्याशी. तुझं ऐकेल ती."

त्या रात्री वन्सं माजघरात कॅलिपर काढून पायाला तेल चोळत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि म्हणाले, "वन्सं, तुम्हांला कशाला हवं ते सगळं? इथे काय कमी आहे?"

त्यांचा हात क्षणभर थांबला. मग म्हणाल्या, "काही कमी नाही, वहिनी."

मी बाहेर येऊन सांगितलं, "तिलाही नकोच आहे." विषय मिटला. त्या गृहस्थांची पुढे बदली झाली.

खरं सांगू? तेव्हा माझा धाकटा दोन वर्षांचा होता. वन्संची ड्यूटी सकाळची असली की दुपारी तो त्यांच्या मांडीवर असायचा. घराच्या कर्जाचा हप्ता जायचा तो त्यांच्या पगारातून. त्या गेल्या असत्या तर हे सगळं कुणी केलं असतं? पगारावर डोळा असल्याचा आळ आम्ही त्या परक्या माणसावर घेतला. डोळा कुणाचा होता, ते मला आज स्वच्छ दिसतं.

मग इतक्या वर्षांनी हे उकरून काढायचं कारण काय? कारण एक माहितीपट.

माझी मुलगी मुंबईत समाजकार्य शिकली. २०१५ साली ३ डिसेंबरला, म्हणजे जागतिक अपंग दिनाला, आमच्या महिला मंडळात काहीतरी कार्यक्रम हवा होता. तिने एक फिल्म आणून दाखवायचं कबूल केलं. आमच्या अध्यक्षीणबाईंची कल्पना अशी की अपंगांच्या जिद्दीवरची फिल्म असेल. पायाने चित्र काढणारी मुलगी, डोंगर चढणारा मुलगा असं काहीतरी. आपण डोळे पुसायचे, टाळ्या वाजवायच्या आणि मग चहा-बटाटेवडा. वन्संना खास आमंत्रण देऊन पहिल्या रांगेत बसवलं होतं.

फिल्मचं नाव 'ॲक्सेक्स'. श्वेता घोष या तरुण दिग्दर्शिकेने ती २०१३ साली पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टसाठी केली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेखही झाला. लांबी तासाभराच्या आतच. तिच्यात चौघी जणी आहेत, नताशा, सोनाली, कांती आणि आभा. चौघीही अपंग. पण त्या आपल्या अपंगत्वाची कहाणी सांगायला आलेल्या नाहीत. सुंदर कुणाला म्हणायचं, चांगलं शरीर म्हणजे कसं, आपल्याला कुणीतरी आवडणं, आपण कुणाला तरी हवंसं वाटणं, अशा गोष्टींवर त्या बोलतात. ज्या विषयासाठी आम्ही वन्संना दारात पाठवत होतो, नेमका तोच विषय.

'सेक्स' हा शब्द सभागृहात उच्चारला गेला आणि मागच्या रांगेत खुर्च्या सरकल्या. दोघी-तिघी "दूध तापवायचं राहिलंय" म्हणत उठून गेल्या. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पोटची मुलगी फिल्म लावणारी आणि शेजारी बेबीवन्सं! मी हळूच त्यांच्या कानाशी लागले, "वन्सं, आपण घरी जायचं का?"

पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "तुम्ही जा वहिनी. मी बसते."

मग मीही बसले. चौघींतल्या आभा खेतरपाल दिल्लीच्या. त्यांनाही लहानपणी पोलिओ झालेला, वावर चाकाच्या खुर्चीतून. समुपदेशनाचं काम करतात, अपंगांना याच विषयावर मोकळेपणी माहिती देतात. त्यांना पाहताना माझं लक्ष पडद्यापेक्षा वन्संच्या चेहऱ्याकडेच जास्त होतं. इतकी वर्षं एका घरात काढली, पण तो चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. परगावी कुणीतरी आपल्या गावच्या बोलीत हाक मारावी ना, तसा काहीसा.

घरी आल्यावर चहा केला. दोघीच होतो. कपात बघत वन्सं म्हणाल्या, "वहिनी, त्या रात्री तुम्ही मला 'कशाला हवं' असं विचारलंत. 'हवं का' असं विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

अठ्ठावीस वर्षं त्यांनी तो शब्द जपून ठेवला होता. मी म्हणाले, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "हो, चुकलं." आणि कप विसळायला उठल्या. "जाऊ द्या हो, त्यात काय" असं त्या म्हणाल्या नाहीत. मलाही ते बरंच वाटलं.

त्या रात्री मी मुलीला ढीगभर प्रश्न विचारले. आईने मुलीला विचारावेत असे नव्हेत, पण विचारले. तेव्हा कळलं की पोलिओ हात-पाय हलवणाऱ्या मज्जापेशींवर घाला घालतो, स्पर्शाची जाणीव मात्र शाबूत राहते. पाळी, मूल होण्याची ताकद आणि मनातली ओढ चारचौघींसारखीच. कमरेचं हाड वाकडं असेल तर बाळंतपणात डॉक्टर कधी सिझेरियन करतात, एवढंच. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखाली लुळ्या पडलेल्या बाईचीसुद्धा पाळी काही महिने थांबून बहुधा पुन्हा सुरू होते आणि तिला दिवस जाऊ शकतात. आंधळ्या किंवा बहिऱ्या मुलीच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. म्हणजे आम्ही 'तिला कसलं आलंय ते' म्हणत होतो, त्याला वैद्यकात काडीचा आधार नव्हता. तो आमच्या सोयीचा समज होता.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं मोजली गेली. त्यांत १ कोटी १८ लाख स्त्रिया. एवढ्या बायकांपैकी कितीजणींना आपण दारात कोण आलंय ते बघायला पाठवलं असेल?

तुम्ही म्हणाल, बाई, उगाच काय हो, हे मोठ्या शहरातले विषय. तर आमच्याच महाराष्ट्रातली गोष्ट ऐका. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या काही मतिमंद मुली-बायकांची गर्भाशयं पुण्याच्या सरकारी रुग्णालयात काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण. मनात दुसरी भीतीही होतीच, कुणी गैरफायदा घेतला तर दिवस राहतील! स्त्री-संघटनांनी एकच आवाज उठवला, वर्तमानपत्रं भरून गेली. त्या बातम्या मी आणि सासूबाईंनी भाजी निवडता निवडता वाचल्या होत्या आणि दोघी म्हणालो होतो, "बरोबरच आहे की. नाहीतर कोण निस्तरणार?" वन्सं तिथेच मेथी खुडत होत्या.

आता विचार करा. पिशवी काढल्याने कुणाचा हात तिच्या अंगावर यायचा थांबतो का? उलट, दिवस राहायचे नाहीत म्हटल्यावर पुराव्याची भीतीसुद्धा जाते. मुलीला तिच्या शरीराच्या भागांची नावं शिकवली नाहीत, चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श सांगितला नाही, 'नको' म्हणायचा हक्क दिला नाही, तर घडलेलं ती सांगणार कोणत्या शब्दांत? "तिला काही कळत नाही" म्हणून आपण सांगत नाही, आणि सांगत नाही म्हणून तिला कळत नाही.

कायदा आपल्यापेक्षा पुढे गेला आहे. २००९ साली चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहातल्या एका तरुणीची कैफियत सर्वोच्च न्यायालयापुढे आली. बुद्धीने थोडी मंद असलेली ती मुलगी बलात्कारातून गरोदर राहिली होती. गर्भपात करून टाका, असा प्रशासनाचा आग्रह. तिला मूल हवं होतं. न्यायालयाने तिची इच्छा मानली. तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. पुढे अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला. त्यात दोन गोष्टी आहेत. अपंग व्यक्तीला संतती आणि कुटुंबनियोजन यांविषयी योग्य माहिती मिळाली पाहिजे ही एक. आणि तिने सगळं समजून, स्वतःहून संमती दिल्याशिवाय मूल होण्याची शक्यता संपवणारी कोणतीही वैद्यकीय क्रिया तिच्यावर करता येणार नाही, ही दुसरी.

हा कायदा मला पाठ आहे, याचं कारण शेजारच्या ताई. त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. हात-पाय आखडलेले, बोलणं अडखळत. पण समज चांगली, विनोदावर सगळ्यांच्या आधी हसते. २०१८ साली तिला पाळी आली आणि तिची आई रडत आमच्याकडे आली. "मी आहे तोवर करीन हो, माझ्यामागे कोण? पिशवीच काढून टाकावी म्हणते."

त्या माउलीला मी नावं ठेवणार नाही. चौदा वर्षं तिने मुलीला कडेवर वाढवली. तिची पाठ दुखते, तिला झोप नाही, आणि सल्ला देणारे सगळे लांबूनच देतात. यापूर्वीची मी असते तर मान डोलावून मोकळी झाले असते. पण वन्संनी विचारलं, "तिला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं?"

"तिचंच शरीर आहे ना?"

आम्ही तिघी मिळून एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मुलीलाही नेलं. डॉक्टरीणबाई आईशी बोलण्याआधी मुलीशी बोलल्या. रक्त का येतं, ते चित्र काढून समजावलं. फार त्रास झालाच तर औषधं आहेत, पिशवी काढणं हा सोयीचा उपाय नव्हे, असं आईला सांगितलं. घरी आल्यावर वन्संनी कामच हातात घेतलं. भिंतीवर कॅलेंडर आणि लाल पेन्सिल. निकरला नाडीऐवजी बाजूला वेलक्रो शिवून घेतलं, म्हणजे उभं न राहता बदलता येईल. एका जुन्या बाहुलीवर सराव. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून पोर निम्मं-अधिक स्वतःचं स्वतः करू लागली. उरलेल्याला आई मदत करते, पण आता दार लावून आणि तिला विचारून.

बाहुली बाजूला ठेवून एकदा त्या मुलीने वन्संना विचारलं, "मावशी, माझं लग्न होईल?" मी श्वास रोखून बसले. मी असते तर "हो बाळा, राजपुत्र येईल" असं खोटं तरी बोलले असते, नाही तर विषय तरी बदलला असता. वन्सं म्हणाल्या, "मला माहीत नाही गं. पण तुला कुणी आवडलं तर मला सांगशील?" पोर लाजून गुलाबी झाली. अगदी तुमची-आमची मुलगी लाजते तशीच.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं असं नाही की प्रत्येक अपंग मुलीचं लग्न लावून द्या. लग्न म्हणजे सगळं सुख, असं तुम्ही-आम्ही तरी कुठे म्हणतो? मनासारखा जोडीदार न मिळालेल्या, किंवा नकोच म्हणणाऱ्या धडधाकट बायकाही आहेतच की. पण त्यांना 'नको' म्हणायची संधी मिळते. आपल्या बेबीला तेवढीही मिळत नाही. आणि चुकून कुणी पुढे आलंच, तर आपण त्याला एक तर लबाड ठरवतो, नाही तर देव. २०१४ साली आपल्या राज्य सरकारने अपंगाशी लग्न करणाऱ्या अव्यंग व्यक्तीच्या जोडप्याला ५० हजार रुपये द्यायची योजना काढली. संसाराला पैसे मिळाले तर चांगलंच. पण वन्संना मी ती वाचून दाखवली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "तुमच्याशी लग्न केल्याबद्दल दादाला काय मिळालं हो?"

आपल्या हातात फार मोठं काही नाही, पण घराचं दार आपल्याच हातात असतं. तिच्या उंचीला आरसा लावा. कपड्यांचा रंग तिला निवडू द्या. तिला आंघोळ घालताना, कपडे बदलताना "करू का?" असं आधी विचारा. वयात येताना इतर मुलींना जे सांगता ते तिलाही सांगा, हवं तर चार वेळा सांगा. तिच्या खोलीच्या दारावर टकटक करा. आणि स्वयंपाकघरात गप्पा रंगल्या की तिला उठवू नका.

घरात आता वन्संना बेबी म्हणायचं नाही, कागदावरच्या नावाने हाक मारायची, असं मुलीने ठरवलं होतं. चार दिवस आम्ही सगळ्यांनी निष्ठेने पाळलं. पाचव्या दिवशी वन्संच म्हणाल्या, "राहू दे गं. त्या नावाने ऑफिसात हाक मारायचे. घरात ऐकलं की ड्यूटीची आठवण होते."

त्या गृहस्थांचं पुढे काय झालं, ते मला ठाऊक नाही. वन्संना ठाऊक असावं. मागच्या दिवाळीत मी धीर करून विचारलं, "वन्सं, त्यांच्याविषयी मला सांगाल का?" त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "सांगेन. पण आज नाही."

मी वाट पाहते आहे. तुमच्या घरच्या बेबीला तुम्ही काय विचारलंत, ते मला जरूर कळवा.